पंप मोठा घेतला, वेळ वाचला. मग युनिट का वाढले?

हौदाकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या मळ्यात विहिरीपासून उंचावर सिमेंटचा एक हौद आहे. तो १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे, म्हणजे काठोकाठ भरला की त्यात एक लाख लिटर पाणी मावते. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून हौदावर टेकवलेल्या पाइपच्या तोंडापर्यंतची उभी उंची आम्ही पाण्याची नळी धरून मोजली, ती २० मीटर भरली. पाइप ६३ मिलिमीटरची आणि साधारण ७० मीटर लांब आहे.

गेल्या महिन्यापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप होता. वीज दिवसातून आठ तास मिळते असे कागदावर असले तरी मधले खंड धरता हौद एका दमात भरत नसे, म्हणून वडिलांनी ५ अश्वशक्तीचा पंप बसवला. माझी लेक नववीत आहे आणि तिच्या वर्गात सध्या ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ चालू आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला तीन पंचमांश वेळ लागेल, म्हणजे ५ तास ५० मिनिटांऐवजी साडेतीन तासांत हौद भरेल, आणि काम तेवढेच असल्याने युनिटही तेवढेच पडतील, असे तिने वहीत आधीच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात ४ तास ६ मिनिटे लागली. मीटरवर जुन्या पंपाच्या वेळी १६.३ युनिट पडत होते, ते आता १९.१ पडतात. दोन्ही नोंदी प्रत्येकी तीनदा घेतल्या आहेत आणि त्यांत फारसा फरक आढळला नाही.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सध्या माफ असल्यामुळे हा प्रश्न पैशांचा नाही, हिशेबाचा आहे. पुस्तकाप्रमाणे पाहिले तर वस्तुमान तेच, उंची तीच, म्हणून कार्य तेच असायला हवे. मग जास्तीची ऊर्जा गेली कोठे? शिवाय सूत्राने काढलेले उत्तर साडेपाच युनिटांच्याही आत येते, त्यामुळे जुन्या पंपाचे १६ युनिट तरी कशासाठी खर्च होत होते, हा तिचा दुसरा प्रश्न आहे. तिला समजेल आणि मलाही समजेल असे उत्तर मिळाल्यास उपकृत होईन.

स्थितिज यांचे उत्तर

आपल्या लेकीने भाकीत आधी लिहून ठेवले आणि मोजमाप नंतर केले, याबद्दल प्रथम तिचे कौतुक करतो. अनेक वर्षे हा पाठ शिकवूनही मला असे विद्यार्थी क्वचितच भेटले.

तिचे सूत्र बरोबर आहे आणि उत्तरही बरोबर आहे. एक लाख लिटर पाण्याचे वस्तुमान एक लाख किलोग्रॅम. त्याला गुरुत्वत्वरण ९.८ ने आणि उंची २० मीटरने गुणले की १ कोटी ९६ लाख ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. त्याने भागल्यास ५.४४ युनिट मिळतात. हौदातील पाण्यात साठलेली स्थितिज ऊर्जा एवढीच आहे, मग ते पाणी तीन अश्वशक्तीच्या पंपाने चढवलेले असो, पाच अश्वशक्तीच्या असो किंवा डोक्यावरच्या घागरींनी वाहिलेले असो. गुरुत्व बलाविरुद्ध केलेले कार्य केवळ सुरुवातीची आणि शेवटची उंची पाहते. वाट कोणती होती आणि वेळ किती लागला याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

परंतु मीटर हे कार्य मोजत नाही. मोटारीत शिरणारी सगळी विद्युत ऊर्जा तो मोजतो, आणि त्या ऊर्जेपैकी किती भाग पाण्याच्या उंचीत रूपांतरित झाला याची त्याला कल्पना नसते. आपल्या नोंदींवरून शक्ती काढून पाहा. १६.३ युनिटांना ५ तास ५० मिनिटांनी भागल्यास सुमारे २.८ किलोवॅट आणि १९.१ युनिटांना ४ तास ६ मिनिटांनी भागल्यास सुमारे ४.६६ किलोवॅट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ३ अश्वशक्ती २.२४ किलोवॅट आणि ५ अश्वशक्ती ३.७३ किलोवॅट होतात. मोटारीच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती ही तिच्या फिरत्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते, तारेतून आत येणारी नव्हे. या हिशेबाने आपल्या दोन्ही मोटारी आत घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के दांड्यावर देत आहेत, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

आता पूर्ण संचाची कार्यक्षमता पाहू. जुना पंप: ५.४४ भागिले १६.३, म्हणजे ३३ टक्के. नवा पंप: ५.४४ भागिले १९.१, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. दोन्ही मोटारी सारख्याच असल्याने नव्या पंपाचा पंखा जुन्याच्या मानाने निकृष्ट असावा, असा माझा अंदाज आहे. विक्रेत्याकडे तक्रार करून पाहावी.

पाणी जास्त वेगाने बाहेर पडते, त्या गतिज ऊर्जेत फरक गेला असेल का, असे आपल्या मनात येईल, म्हणून तेही सांगतो. नव्या पंपाने पाइपमधील वेग सेकंदाला सुमारे २.६ मीटर होतो, तेव्हा प्रत्येक किलोग्रॅम पाण्याची गतिज ऊर्जा सव्वातीन-साडेतीन ज्यूल भरते; उलट त्याच किलोग्रॅमला २० मीटर चढवायला १९६ ज्यूल लागतात. त्यामुळे ती बाब गौण आहे.

गळती_बंद यांचे उत्तर

स्थितिज सरांच्या भौतिकशास्त्राबद्दल मला शंका नाही, परंतु विक्रेत्याकडे तक्रार घेऊन जाण्यापूर्वी थोडे थांबावे. पंप बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, आणि असा प्रसंग आला की मी आधी पंपाकडे पाहत नाही, पाइपकडे पाहतो.

आपण पंप बदलला, पाइप मात्र तीच ६३ मिलिमीटरची ठेवली. हा आकडा पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा असतो; आतून ती ५८ मिलिमीटरच्या आसपास भरते. तिच्यातून पूर्वी सेकंदाला ४.७६ लिटर पाणी जात होते, आता ६.७७ लिटर जाते. पाणी पाइपच्या भिंतीला घासत जाते, आणि ते घर्षण प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, जवळपास त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर घर्षण चौपट होते. आम्ही लोक हे घर्षण मीटरमध्येच मोजतो, कारण पंपाच्या दृष्टीने पाणी वर चढवणे आणि पाइपमधून रेटणे यांत फरक नसतो. दोन्ही मिळून जे होते त्याला आम्ही हेड म्हणतो. आपल्या ७० मीटर पाइपमध्ये जुन्या प्रवाहाला सुमारे ४ मीटर आणि नव्या प्रवाहाला सुमारे ८ मीटर हेड घर्षणात जाते. याचा अर्थ, हौद २० मीटरवरच असला तरी जुना पंप आपण २४ मीटर चढवत आहोत असे समजून काम करत होता आणि नवा २८ मीटर.

आता सरांचाच हिशेब पुढे नेतो. एक लाख लिटर पाणी ४ मीटर चढवायला १.०९ युनिट आणि ८ मीटर चढवायला २.१८ युनिट लागतात. ते ५.४४ मध्ये मिळवले की जुन्या पंपाने पाण्याला दिलेली एकूण ऊर्जा ६.५३ युनिट आणि नव्याने दिलेली ७.६२ युनिट होते. पहिल्या आकड्याला १६.३ ने आणि दुसऱ्याला १९.१ ने भागा. दोन्हींचे उत्तर ४० टक्के येते. नवा पंप जुन्याइतकाच चांगला, किंवा म्हणा, जुन्याइतकाच सामान्य आहे. तो निर्दोष सुटतो.

लेकीला एक गोष्ट आवर्जून दाखवावी. पाइपमधील घर्षण अवघ्या १.१ युनिटाने वाढले, परंतु मीटरवर २.८ युनिट जास्त दिसले. याचे कारण, पाण्यापर्यंत एक युनिट पोहोचवायला मोटार आणि पंप मिळून अडीच युनिट घेतात. पाइपने खाल्लेले प्रत्येक युनिट मीटरवर अडीच होऊन उतरते, आणि म्हणूनच पाइपवर वाचवलेले पैसे हे सर्वांत महागात पडलेले पैसे असतात, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि बहुतेक गिऱ्हाइके ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. पंपाच्या पुढे, विहिरीच्या काठावर, पाइपला साधे प्रेशर गेज बसवून घ्या. पंप बंद असताना पण पाइप भरलेली असताना एक वाचन घ्या. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारी झडप, घट्ट हवा. मग पंप चालू करून दुसरे वाचन घ्या. दोहोंतील फरक म्हणजे गेजच्या पुढच्या पाइपमधील घर्षण, आणि गेजवरचा एक किलो म्हणजे सुमारे १० मीटर हेड.

मोटेचा_मळा यांचे उत्तर

मी शास्त्र शिकलेलो नाही, परंतु विहिरीवर साठ वर्षे काढली आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. आपण सगळे जण २० मीटर, २० मीटर म्हणत आहात, पण विहिरीतले पाणी एका जागी थांबते कोठे? आमच्याकडच्या काळ्या पाषाणातील विहिरींना पाझर भेगांमधून येतो आणि तो आपल्या चालीने येतो. पंप जोरात ओढतो तेव्हा पाणी लवकर खाली बसते आणि उरलेले पाणी अधिक खोलीवरून काढावे लागते. हळू ओढले तर तेवढ्या वेळात झरे काही भरून देतात. मोठ्या पंपाचे युनिट वाढण्याचे हेही एक कारण असावे.

दुसरे असे की, माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेच्या बैलांची धाव उताराची असते, हे आताच्या मुलांना ठाऊक नसेल. बैल नाडा ओढत उतारावरून खाली जातात, तेव्हा त्यांच्या अंगाचे वजनही ओढीला लागते, आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. उतारामुळे बैलांचे कष्ट वाचतात, असे आम्ही मानत असू. सरांनी सांगितलेल्या नियमाप्रमाणे उंचीवर पाणी चढवायला ठराविक कार्य लागतेच, तर मग धाव उताराची करून आमच्या वाडवडिलांनी काय साधले, हे सरांनी समजावून सांगावे.

स्थितिज यांचे उत्तर

प्रथम माझी चूक मान्य करतो. दोन्ही संचांची कार्यक्षमता काढताना मी पाइपला हिशेबात धरलेच नाही आणि सारा दोष पंपावर ठेवला. गळती_बंद यांचे म्हणणे बरोबर आहे. फळ्यावर गणित मांडताना आपण ‘घर्षण नगण्य माना’ असे इतक्या वेळा लिहितो की, ते नगण्य नसलेल्या ठिकाणीही हाताला तीच सवय जडते.

काकांचा पहिला मुद्दा तत्त्वतः अगदी योग्य आहे, परंतु तो येथे किती वजनाचा आहे ते आकड्यांनी पाहावे लागेल. समजा विहिरीचा व्यास ८ मीटर आहे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर. पाझर तासाला ५ हजार लिटर धरला तर जुन्या पंपाच्या वेळात सुमारे २९ हजार आणि नव्या पंपाच्या वेळात सुमारे २० हजार लिटर पाणी विहिरीत परत येते. उपसा दोन्ही वेळा एक लाख लिटरच, म्हणून पातळी एकदा १.४ मीटर आणि एकदा १.६ मीटर उतरते. सरासरी उंचीतील फरक केवळ १० सेंटिमीटर राहतो, म्हणजे २० मीटरच्या अर्धा टक्का. हौदाकाठी यांच्या मीटरवर जो १७ टक्के फरक दिसला तो याने भरून येत नाही. मात्र हीच विहीर अरुंद असती किंवा दिवस मे महिन्याचे असते, तर काकांचे कारण पहिल्या क्रमांकावर आले असते.

मोटेचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यात कार्य आणि शक्ती यांतील भेद पुस्तकापेक्षा स्वच्छ दिसतो. उतारावरून जाताना बैलांच्या शरीराची स्थितिज ऊर्जा कमी होते आणि ती मोट वर खेचण्याच्या कामी येते, हे खरे. परंतु पुढच्या खेपेसाठी बैलांना मागे सरत तोच चढ चढावा लागतो आणि गमावलेली उंची स्वतःच्या स्नायूंच्या बळावर परत मिळवावी लागते. एका पूर्ण फेरीअखेर बैल पुन्हा मूळ उंचीवर असतात, म्हणून धावेच्या उताराने फुकट ऊर्जा म्हणून एक ज्यूलही दिलेला नसतो. तरीही वाडवडिलांनी काही साधलेच नाही असे नव्हे. सपाट धावेवर बैलांना जाताना पूर्ण ओझे आणि परतताना रिकामी मोट मिळाली असती, म्हणजे अर्धा वेळ अतोनात जोर आणि अर्धा वेळ काहीच नाही. उतारामुळे तेच कार्य जाण्यात आणि येण्यात वाटले जाते, बैलांच्या जोखडावर एका वेळी पडणारा सर्वाधिक ताण कमी होतो, आणि जेवढे ओझे सपाटीवर त्यांना पेललेच नसते तेवढे पेलते. कार्य तेवढेच राहते. कमी होते ती एका क्षणाला मागितली जाणारी शक्ती.

एक उदाहरण मांडतो. समजा मोटेत १५० लिटर पाणी बसते, विहीर १० मीटर खोल आहे आणि एका फेरीला एक मिनिट लागते. तेव्हा प्रत्येक फेरीत १४,७०० ज्यूल कार्य होते आणि उपयुक्त शक्ती २४५ वॅट भरते, म्हणजे अश्वशक्तीच्या एक तृतीयांशाइतकी. त्या चालीने एक लाख लिटर काढायला सुमारे ६६७ फेऱ्या, म्हणजे अकरा तास लागतील. तेही केवळ १० मीटरवरून.

आणि अश्वशक्तीचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो, की हे एकक मुळात अशाच तुलनेसाठी जन्मले. जेम्स वॉट यांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकांना पटवून द्यायचे होते. चक्की फिरवणारा घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंड बलाने ओढतो, असे त्यांनी धरले. त्याचा गुणाकार मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांच्या थोडा वर येतो. त्यांनी तो ३३,००० असा पूर्णांकात घेतला, आणि आपले ७४६ वॅट तेथूनच आले. दिवसभर या गतीने राबणारा घोडा सहसा मिळत नाही, त्यामुळे वॉट यांचे गिऱ्हाईक कधी फसले नसावे.

पोफळी_पार यांचे उत्तर

चर्चा हौदाची असली तरी एक मोठा हौद आठवल्याशिवाय राहवत नाही, कारण शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत तेथे फार होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. हे वाचून पुष्कळ जण वर्षाचे ८७६० तास घेऊन गुणाकार करतात आणि वर्षाला १७०० कोटींहून अधिक युनिट मिळत असतील असे समजतात. परंतु मेगावॅट हा यंत्रांच्या ताकदीचा आकडा आहे, पाण्याच्या साठ्याचा नव्हे. पश्चिमेकडे वळवण्यास मंजूर असलेले पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर आहे. ते पोफळीच्या वीजगृहाकडे पावणेपाचशे मीटरच्या आसपास कोसळते असे धरून आपल्या लेकीचेच सूत्र लावावे. यंत्रांमधील अपव्यय वजा करण्याआधी सुमारे २५० कोटी युनिट येतात. तेच पाणी खाली कोळकेवाडीला पुन्हा एकदा वापरले जाते, त्याची थोडी भर पडते. तरीही सतत चालण्याच्या हिशेबाच्या पंचमांशापर्यंतही मजल जात नाही.

मग एवढी यंत्रे कशासाठी? आपल्या वडिलांनी ५ अश्वशक्तीचा पंप घेतला त्याच कारणासाठी. एकूण काम तेवढेच आहे, पण ते थोड्या वेळात उरकायचे आहे. संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा साठलेले पाणी जोरात सोडता यावे, म्हणून क्षमता मोठी ठेवली आहे.

घरच्या बिलातही हाच भेद दडलेला आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपांना अश्वशक्तीवर आकारणी होते. ती शक्तीची आकारणी झाली, ऊर्जेची नव्हे. त्या पद्धतीत पंप दिवसातून एक तास चालवणारा आणि आठ तास चालवणारा सारखेच देतात. पाइप बारीक ठेवल्याचा भुर्दंडही तेथे बिलात कधीच दिसत नाही, म्हणून गळती_बंद यांचे म्हणणे गिऱ्हाइके मनावर घेत नसतील तर त्यात नवल नाही.

हौदाकाठी यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गळती_बंद यांनी सांगितल्याप्रमाणे गेज बसवून घेतले. पंप बंद असतानाच्या आणि चालू असतानाच्या वाचनांत ०.७ किलोचा फरक आला. गेजच्या पुढे सुमारे ६० मीटर पाइप आहे, त्यामुळे पूर्ण ७० मीटरसाठी ८ मीटरच्या आसपास घर्षण होते, हे तिने त्रैराशिकाने काढले. विहिरीची पातळीही दोरीला गाठी मारून मोजली. एका भरणीत ती दीड मीटर उतरली.

तिची एक शंका मात्र शिल्लक आहे. १९.१ पैकी ५.४४ युनिट हौदात गेले, तर उरलेले साडेतेरा युनिट उष्णता झाले असे म्हणावे लागेल. एवढी उष्णता असूनही हौदातले पाणी हाताला गार का लागते? दुसरे म्हणजे, पाइप बदलायची झाल्यास ७५ मिलिमीटरची पुरेल का?

स्थितिज यांचे उत्तर

उष्णता झाली आहे, फक्त ती फार मोठ्या पाण्यात पसरली आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. साडेतेरा युनिट म्हणजे ४ कोटी ८६ लाख ज्यूल. ते सर्वच्या सर्व एक लाख किलोग्रॅम पाण्यात उतरले असे धरले तरी तापमान ०.१२ अंशानेच वाढते. प्रत्यक्षात मोटारीची बरीचशी उष्णता हवेत जाते. पाइपमधील घर्षणाचा वाटा तर अंशाच्या पन्नासाव्या भागाइतका आहे. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हाच संबंध मोजला होता, आणि तापमानातील असे बारीक फरक वाचणे हीच त्यांच्या प्रयोगातील खरी कसोटी होती. आपल्या लेकीच्या हाताला ते जाणवले नाहीत, यात तिचा दोष नाही.

गळती_बंद यांचे उत्तर

७५ ची पाइप आतून ७० मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्याच प्रवाहाला घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते, त्यामुळे ते आताच्या चाळीस टक्क्यांवर येईल. पण घर्षण कमी झाले की प्रवाह थोडा वाढतो आणि घर्षणाचा काही भाग परत येतो. हे सर्व धरून माझा अंदाज सेकंदाला ७.८५ लिटर, साडेतीन तासांपेक्षा दोन-चार मिनिटे जास्त आणि साडेसोळा युनिट असा आहे. म्हणजे लेकीने वहीत लिहिलेले भाकीत पाइप बदलल्यावर जवळपास खरे ठरेल. पंपाची कार्यक्षमता प्रवाहाबरोबर थोडी बदलते, ती मी स्थिर धरली आहे. तेवढी चूक माझ्या पदरी घालावी.

वेळेची घाई नसती तर मी जुनाच ३ अश्वशक्तीचा पंप ठेवून फक्त पाइप बदला, असे सांगितले असते. तेव्हा सव्वापाच तासांच्या वर थोडा वेळ आणि १५ युनिटांच्या आत काम झाले असते.

हौदाकाठी यांचे प्रत्युत्तर

वीज सलग सव्वापाच तास टिकेल याची खात्री आम्हाला देता येत नाही, म्हणून मोठा पंप ठेवून ७५ ची पाइप टाकली. काल पहिल्यांदा हौद भरला. ३ तास ४० मिनिटे लागली आणि १७ युनिट पडले. अंदाजापेक्षा जास्त आलेल्या अर्ध्या युनिटाचा शोध लेकीने लगेच सुरू केला. जोडणाऱ्याने दोन जागी काटकोनात एल्बो बसवले आहेत, हे तिने प्रथम दाखवून दिले. नंतर तिचे लक्ष पाइपच्या तोंडाकडे गेले. हौद काठोकाठ भरला तरी पाणी तोंडातून अर्धा मीटर खाली पडते, म्हणजे तो अर्धा मीटर आपण रोज उगाच चढवतो आणि लगेच गमावतो. तिने त्याचे ०.१४ युनिट काढले, अडीचने गुणून ०.३४ केले, आणि आज सकाळपासून ती आजोबांच्या मागे पाइप कापून घ्या म्हणून लागली आहे.